एका भोकाची चौदा वर्षं

कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर मिळणारी ठासणीची बंदूक भरताना कधी पाहिली असेल, तर पुढचं सगळं लगेच कळेल. आधी नळीच्या तोंडातून दारू ओतायची, मग कागदाचा किंवा चिंधीचा बोळा, मग छर्रे, परत बोळा, आणि दरवेळी गजाने ठासायचं. शेवटी मागच्या बाजूला एक केप बसवायची. केप म्हणजे दिवाळीतल्या टिकलीची तांब्याची थोरली बहीण. इवलीशी टोपी, आत ठोका बसला की पेटणारा मसाला. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत शिरते आणि बार उडतो. तोवर रानडुक्कर पुढच्या वाडीत पोचलेलं असतं.

१८५०च्या सुमाराला अमेरिकेत नावाजलेलं कोल्टचं रिव्हॉल्वरसुद्धा असंच ठासायचं होतं. फरक इतकाच, की त्यात एकाऐवजी पाच-सहा बार एकदम भरून ठेवता येत. त्यासाठी नळीच्या मागे एक फिरता सिलिंडर असे. (सिलिंडर म्हटलं की आपल्याला गॅसचाच आठवतो. हा मुठीत मावणारा.) सिलिंडरला गोलाकार ओळीत पाच-सहा घरं. प्रत्येक घर पुढून उघडं आणि मागून बंद. पुढून दारू घालायची, गोळी ठेवायची, नळीखालच्या दांड्याने दाबायची. मग पाठीमागच्या टोचीवर केप. असं सहा वेळा. सहा गोळ्या काही सेकंदांत झाडून व्हायच्या, आणि नंतर ती सगळी पूजा पुन्हा मांडायला काही मिनिटं लागायची. पाऊस पडत असेल, किंवा माणूस घोड्यावर बसला असेल, तर विचारूच नका.

यावरचा उपाय म्हणजे काडतूस. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या 'कार्तूश'वरून आला. सुरुवातीची काडतुसं कागदाची होती. १८५७च्या उठावाशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं, ती एनफील्ड बंदुकीची चरबी लावलेली काडतुसंही कागदाचीच. ती दातांनी फाडून दारू नळीत ओतावी लागे. धातूचं काडतूस आलं तेव्हा खरा फरक पडला. एका पुंगळीत दारू, टोकाला गोळी आणि बुडाला पेटता मसाला, सगळं आयतं. ठासणं नको, केप नको, आणि दारू ओली होण्याची भीतीही फारशी नाही.

पण असं काडतूस रिव्हॉल्वरमध्ये घालायचं तर सिलिंडरमध्ये एक छोटा बदल लागतो. घर मागून बंद ठेवून चालत नाही. पुंगळीच्या बुडाची कड घराच्या मागच्या तोंडाशी अडकली पाहिजे, तिच्यावर घोडा बसला पाहिजे, आणि बार झाल्यावर रिकामी पुंगळी बाहेर काढता आली पाहिजे. म्हणजे घराचं भोक या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार पाडायचं. बस, एवढंच.

या आरपार भोकाचं अमेरिकेत पेटंट होतं, आणि ते चौदा वर्षं टिकलं.

पेटंट म्हणजे काय याची आपल्या मनात एक ढोबळ कल्पना असते: कुणीतरी यंत्र बनवलं, त्याची नक्कल करायला इतरांना बंदी. प्रत्यक्षात यंत्र चाललं की नाही हा मुद्दा बऱ्यापैकी गौण असतो. पेटंटच्या कागदात आधी चित्रं आणि वर्णन येतं, आणि शेवटी दावे येतात. खरेदीखतात जशी शेवटी चतुःसीमा लिहितात, पूर्वेस अमुकचा गट, पश्चिमेस ओढा, तसे हे दावे. जमिनीवर तुम्ही बंगला बांधा, नाहीतर पडकं खोपटं ठेवा, हद्द तुमचीच. आणि त्या हद्दीत गावाची एकुलती एक पायवाट येत असेल, तर अख्ख्या गावाला तुमच्याकडे यावंच लागणार.

पेटंटचं हे शस्त्र आधी वापरलं ते खुद्द सॅम्युअल कोल्टने. २५ फेब्रुवारी १८३६ रोजी त्याला अमेरिकन पेटंट मिळालं. घोडा मागे ओढला की सिलिंडर आपोआप एक घर पुढे फिरतो, हे त्यातलं मर्म. तेव्हाच्या कायद्यात मुदत चौदा वर्षांची होती आणि अर्ज मान्य झाला तर आणखी सात वर्षं मिळत. कोल्टने ती मिळवली. मॅसॅच्युसेट्स आर्म्स कंपनी वेसन आणि लेव्हिट यांच्या नावाचं रिव्हॉल्वर बनवायची. कोल्टने तिला बॉस्टनच्या कोर्टात खेचलं आणि १८५१ साली खटला जिंकला. हरलेल्या रिव्हॉल्वरच्या नावातला वेसन म्हणजे एडविन वेसन. तो तोवर वारला होता, पण त्याच्या हाताखाली काम शिकलेला धाकटा भाऊ डॅनियल हे सगळं जवळून बघत होता. पेटंटचा चावा कुठे आणि किती खोल बसतो याचं शिक्षण त्याला घरातच मिळालं असं म्हणायला हरकत नाही.

आता रॉलिन व्हाइट. व्हर्माँटचा कारागीर, काही काळ कोल्टच्याच हार्टफर्डच्या कारखान्यात कंत्राटावर काम केलेला. त्याला ३ एप्रिल १८५५ रोजी पेटंट मिळालं, क्रमांक १२,६४८. त्यातली चित्रं बघितली तर माणूस गोंधळतो. काडतुसं एकामागून एक आत ढकलणारी एक विचित्र यंत्रणा त्यात आहे, आणि धातूच्या पुंगळीचा पत्ताच नाही. मागून उघड्या घरात नुसती दारू भरून बार काढला, तर आग मागेही येणार आणि शेजारच्या घरातही शिरू शकणार. हे पिस्तूल या रूपात कुणी बाजारात आणलं नाही, आणि आणलं नाही हेच बरं. पण दाव्यांमध्ये एक ओळ होती: फिरत्या सिलिंडरमधली घरं मागच्या टोकापर्यंत आरपार नेणं, म्हणजे ती मागून भरता येतील. खोपटं पडकं होतं, पण पायवाट हद्दीत होती. व्हाइटला स्वतःला हे कितपत उमगलं होतं, याची मला शंका आहे.

ते उमगलं डॅनियल वेसनला. तो आणि त्याचा भागीदार होरेस स्मिथ धातूच्या काडतुसावर चालणारं रिव्हॉल्वर करायच्या बेतात होते. फ्रान्समध्ये फ्लोबेर याने केपच्याच टोपीत गोळी बसवून खोलीत नेमबाजी खेळण्यापुरतं एक चिमुकलं काडतूस केलं होतं. त्याची पुंगळी लांबवून, आत थोडी दारू भरून या दोघांनी ०.२२ इंचाचं काडतूस तयार केलं. त्यात पेटता मसाला बुडाच्या कडेत, बांगडीसारखा गोल पसरलेला असतो. घोडा कडेवर कुठेही आपटला तरी चालतो. काडतूस तयार होतं, पण आरपार सिलिंडर व्हाइटच्या हद्दीत. वेसनने त्याला पत्र लिहिलं आणि १७ नोव्हेंबर १८५६ रोजी करार झाला.

करार मुळातून समजून घेण्यासारखा आहे. स्मिथ आणि वेसन यांनी पेटंट विकत घेतलं नाही. त्यांनी एकट्याने वापरण्याचा हक्क घेतला आणि बदल्यात दर पिस्तुलामागे २५ सेंट, म्हणजे पाव डॉलर, रॉयल्टी कबूल केली. आणि एक कलम असं, की कुणी पेटंटचा भंग केला तर कोर्टात भांडायचं व्हाइटने. म्हणजे मलई एका ताटात आणि वकिलाचं बिल दुसऱ्या ताटात. व्हाइटने सही केली.

कोल्टच्या पेटंटची वाढीव मुदत १८५७ साली संपली. त्याच वर्षी स्मिथ अँड वेसनचं पहिलं रिव्हॉल्वर बाजारात आलं. वेळ साधली होती हे उघड आहे. आपोआप फिरणारा सिलिंडर आता कुणालाही वापरता येत होता आणि आरपार सिलिंडर फक्त यांनाच. पिस्तूल खिशात मावणारं, सात गोळ्यांचं. कळ दाबली की नळी वर उचलली जायची, सिलिंडर हातात निघून यायचा, नळीखालच्या छोट्या दांडीवर एकेक घर दाबलं की रिकामी पुंगळी खाली. सात नवी काडतुसं घालायची, सिलिंडर परत बसवायचा, नळी खटकन खाली. ठासणीच्या पिस्तुलाची सवय असलेल्या माणसाला ही जादूच वाटली असणार. ताकद मात्र बेताचीच. तेव्हाच्या तांब्याच्या पातळ पुंगळीला जास्त दारू झेपत नसे.

आता इतरांची पंचाईत झाली. धातूचं काडतूस चालतंय हे सगळ्यांना दिसत होतं, गिऱ्हाईक तेच मागत होतं, आणि भोक आरपार पाडायची सोय नव्हती. मग जे सुरू झालं ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत करमणुकीचं प्रकरण वाटतं.

ब्रुकलिनमध्ये मूरच्या कंपनीने डॅनियल विल्यमसनच्या १८६४च्या पेटंटवर एक पिस्तूल काढलं. घर मागून बंदच, फक्त मधोमध एक बारीक छिद्र. काडतूस पुढून आत सरकवायचं. त्याच्या बुडाला बाळाच्या दुधाच्या बाटलीसारखी छोटी बोंडी असे. ती छिद्रातून मागे डोकावायची आणि घोडा तिच्यावर बसायचा. भोक आरपार आहे का? आहे, पण घराच्या रुंदीचं नाही. काडतूस मागून भरता येतं का? नाही. म्हणजे दाव्याच्या ओळीत सापडत नाही.

प्लँट नावाच्या कंपनीने बोंडीऐवजी वाटी केली. काडतुसाचं बूड आत दबलेलं, मसाला त्या वाटीच्या कडेला, आणि तेही पुढून भरायचं. स्लोकमने तर कमाल केली. त्याच्या १८६३च्या पेटंटात प्रत्येक घराला स्वतःची सरकती नळी होती. नळी पुढे सरकवली की घर बाजूने उघडं पडायचं, पन्हळासारखं. त्यात काडतूस आडवं ठेवायचं, नळी मागे ओढायची, झालं. ना पुढून, ना मागून. एका घरासाठी जे काम ड्रिलच्या एका फटक्यात झालं असतं, त्याला आता सरकती नळी, खाच आणि जीव खाऊन केलेली जुळणी. आणि खर्च? त्याचं तर बोलायलाच नको.

खुद्द कोल्टच्या कंपनीलाही शेवटी हे करावं लागलं. सॅम्युअल कोल्ट १८६२च्या जानेवारीत वारला. त्याच्या माघारी कंपनीतल्या अलेक्झांडर थ्युअर याने १८६८ साली एक पेटंट घेतलं: मागे निमुळतं होत जाणारं काडतूस, पुढून दाबून भरायचं. मागे एक कडं. ते फिरवलं की घोड्याच्या ठोक्याने पुंगळी पुढच्या बाजूला फेकली जायची, म्हणजे पिस्तूल झाडल्याचा आव आणून ते रिकामं करायचं. हुशारी आहेच, नाकारता येत नाही. पण असल्या हुशारीतून पुढे काही उगवलं नाही. बोंडी, वाटी, सरकती नळी, निमुळती पुंगळी, यांतलं एकही आज कुठल्या पिस्तुलात नाही. ही सगळी उत्तरं होती एका वाक्याला. वाक्य गेलं आणि उत्तरंही गेली.

बंदी असली की नवे शोध लागतात असं पेटंटचे समर्थक म्हणतात. इथे तरी बुद्धी वळसा घालण्यात खर्ची पडली, असं मला वाटतं.

या पेटंटने रिव्हॉल्वरची प्रगती खरोखर अडवली, की धातूचं काडतूसच अजून कच्चं होतं? रास्त प्रश्न आहे, आणि त्याची तुलना योगायोगाने इतिहासानेच मांडून ठेवली आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. त्याच्या आदल्याच वर्षी, १८६० साली, स्पेन्सर आणि हेन्री या दोन रायफलींची पेटंटं झाली होती. दोन्ही धातूच्या काडतुसावर चालणाऱ्या. स्पेन्सरच्या खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यात सात काडतुसं एकामागून एक मावायची, हेन्रीच्या नळीखाली त्याहून जास्त. या रायफलींना फिरता सिलिंडर नव्हता, म्हणून व्हाइटचा दावा त्यांना लागूच होत नव्हता. त्या त्याच युद्धात लढल्या. आणि त्याच घोडदळाच्या कमरेला असलेलं कोल्ट किंवा रेमिंग्टन रिव्हॉल्वर? ते अजून दारू, गोळी आणि केपवालं. देश तोच, युद्ध तेच, काडतूस बनवायची विद्या तीच. लांब बंदूक पुढे गेली आणि आखूड बंदूक जागीच राहिली.

सगळं खापर व्हाइटवर फोडणं मात्र बरोबर नाही. लष्कराचा दारूगोळा विभाग नव्या शस्त्रांबाबत सावध होता, आणि मोठ्या काडतुसाची पातळ पुंगळी फुटण्याची भीती खरी होती. पण स्पेन्सरने ०.५० इंचाच्या आसपासचं काडतूस चालवून दाखवलं, हेही खरं. स्मिथ अँड वेसनला मोठं लष्करी रिव्हॉल्वर घाईने करायची गरजच नव्हती. त्यांची ०.२२ आणि ०.३२ इंचाची खिशातली पिस्तुलं शिपाई पदरच्या पैशाने घेत होते, मागणी पुरी करता करता कारखान्याच्या नाकी नऊ येत होते, आणि शर्यतीत दुसरं कुणी नव्हतंच. गंमत म्हणजे फ्रान्समध्ये लफोशो याने १८५४ पासूनच आरपार घरांचं रिव्हॉल्वर केलं होतं. त्याच्या पुंगळीच्या कुशीतून एक खिळा बाहेर यायचा आणि घोडा त्याच्यावर पडायचा. अमेरिकन सरकारने युद्धात ही रिव्हॉल्वरं युरोपातून सुमारे १२ हजार मागवली. स्वतःच्या कारखान्यांना जे भोक पाडायची मुभा नव्हती, ते भोक बोटीतून आलं.

देशातल्या भंग करणाऱ्यांची मात्र कमी नव्हती. धंदा एवढा तेजीत होता की अनेकांनी सरळ आरपार सिलिंडर विकायला सुरुवात केली. करारानुसार व्हाइट एकेकाला कोर्टात ओढत गेला. ईथन अॅलनविरुद्धचा मुख्य खटला त्याने १८६३ साली जिंकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तर तिथे न्यायमूर्तींची मतं समसमान पडली, म्हणून खालचा निकाल कायम राहिला. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर हा लेख इथेच संपला असता. काही कारखानदारांनी तडजोड केली. त्यांनी तयार केलेल्या पिस्तुलांवर 'स्मिथ अँड वेसनसाठी बनवलेलं' असा शिक्का आला. जप्त मालावर मालकाचं नाव घालावं तसा तो शिक्का आज जुन्या पिस्तुलांच्या संग्राहकांना हवाहवासा वाटतो.

व्हाइटने स्वतःही लॉवेल गावात कारखाना काढून पाहिला. तो १८६४ साली मोडला. ज्यांनी तो घेतला त्यांनी तिथेच, त्याच यंत्रांवर, परवानगीशिवाय आरपार सिलिंडरची रिव्हॉल्वरं बनवायला घेतली, आणि व्हाइटला आपल्याच जुन्या कारखान्यावर दावा लावावा लागला. यावर काही बोलायचं म्हटलं तरी शब्द सुचत नाहीत.

पेटंटची चौदा वर्षं ३ एप्रिल १८६९ रोजी भरली. (त्याच १८६९ साली आपल्या खडकीत दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काही नाही, पण पुण्याच्या माणसाला साल लक्षात ठेवायला सोपं.) कोल्टसारखी आपल्यालाही सात वर्षं वाढवून द्या, असा व्हाइटचा अर्ज पेटंट कार्यालयाने फेटाळला. मग तो काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे गेला. खटल्यांनी आपल्याला खाल्लं, शोधाचं पुरेसं मोल मिळालं नाही, असं त्याचं म्हणणं. खासदारांना ते पटलं आणि त्याला दिलासा देणारं विधेयक मंजूरही झालं.

ते सहीसाठी ज्या टेबलावर गेलं, त्यामागे बसला होता युलिसिस ग्रँट, यादवी युद्धात उत्तरेच्या फौजांचा सरसेनापती राहिलेला राष्ट्राध्यक्ष. सैन्याच्या दारूगोळा विभागाचा प्रमुख जनरल डायर याने कळवलं होतं, की या पेटंटमुळे युद्धात सरकारची आधीच पुरेशी अडचण झाली आहे. व्हाइटला सुमारे ७१ हजार डॉलर रॉयल्टी मिळाल्याचा हिशोबही पुढे आला. पाव डॉलरच्या दराने ही पावणेतीन लाखांहून जास्त पिस्तुलं होतात. ११ जानेवारी १८७० रोजी ग्रँटने विधेयक परत पाठवलं. व्हाइट पुढेही काही वर्षं खेटे घालत राहिला, उपयोग झाला नाही.

स्मिथ अँड वेसनने मात्र पाठ नीट गिरवला होता. भोकाचं पेटंट संपणार हे त्यांना पंचांगासारखं ठाऊक होतं. म्हणून सगळ्या रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर फेकणारी रचना त्यांनी आधीच दुसऱ्यांकडून पेटंटांसकट मिळवली आणि १८७० साली ०.४४ इंचाचं मोठं रिव्हॉल्वर आणलं. रशियाच्या सरकारने ते हजारोंनी घेतलं, आणि नंतर रशियातच त्याच्या नकलाही करवल्या. अमेरिकेतलं पेटंट तिथे कुणाला दाखवणार? लष्करातल्या मेजर स्कोफिल्डने त्याच रिव्हॉल्वरची कळ सुधारली, तिचं पेटंट घेतलं आणि दर पिस्तुलामागे ५० सेंट ठरवून घेतले. एका कळीला व्हाइटच्या भोकाच्या दुप्पट भाव.

कोल्टच्या हार्टफर्डच्या कारखान्यात मात्र जुन्या धाटणीच्या सुट्या भागांचे ढीग पडून होते. टाकून कसे देणार? चार्ल्स रिचर्ड्स नावाच्या तिथल्या माणसाने १८७१ साली तोड काढली आणि त्याचंही पेटंट घेतलं. सिलिंडर घ्यायचा, केपच्या टोच्या असलेली त्याची मागची चकती कापून काढायची, मागे एक कडं बसवायचं. दोन वर्षांनी, १८७३ साली, कोल्टचं ते नावाजलेलं ०.४५ इंचाचं रिव्हॉल्वर लष्कराकडे गेलं, पण त्याआधी ही जोडकामाचीच पिस्तुलं विकली गेली. पाठ कापलेला तो सिलिंडर डोळ्यासमोर धरला की सहाही घरांतून पलीकडचा उजेड दिसायचा.